संथ दुपारच्या नोंदी

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्या कारखान्यातल्या दुपारचा आवाज बदलतो. मागांची खडखड तीच असते, पण तिच्यावर पंख्यांची घरघर चढते आणि वरचा पत्रा तापून मधूनच टण्णकन वाजतो. दारातल्या कडुलिंबाला त्याच सुमारास मोहोर येतो. वारा सुटला की तो मोहोर आणि आतली कापसाची बारीक धूळ एकमेकांत मिसळून ऑफिसच्या उंबऱ्यावर साचते. झाडणाऱ्या मावशी कंटाळून दिवसातून तीनदा झाडू फिरवतात. सोलापूरचा उन्हाळा असा आधी कानात आणि नाकात शिरतो, अंगावर येतो तो नंतर.

या टर्किश टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेबाचं काम बघते. वीसेक वर्षं झाली. यंदा उन्हाळा लागल्यावर एके दुपारी एक बिल उघडायला कॉम्प्युटरने जरा जास्त वेळ घेतला, आणि माझी मान आपोआप वर झाली. कोण कुठे बसलंय, कुणाचा हात कशावर आहे, हे मी बघायला लागले. दोन-चार क्षणांनी माझं मलाच कळलं आणि मी मान खाली घातली. ही सवय मला एका उन्हाळ्याने लावली. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण मोहोराचा तो कडसर वास आला की ती परत येते.

तेव्हा आमचं ऑफिस म्हणजे मागांच्या शेडला लागून असलेली एक लांबट खोली होती. तीन कॉम्प्युटर होते. एक माझा. माझ्या समोरच्या टेबलावर राजेश्वरीचा. बिलं आणि माल पाठवायची कागदपत्रं ती करायची. तिसरा गोदामात. आणि शेडकडे उघडणाऱ्या दाराजवळ, एका लाकडी चौरंगावर, सर्व्हर. काळा, कमरेइतका उंच डबा. आम्ही त्याला मोठं मशीन म्हणायचो. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा त्याच्या पोटात होता आणि आमचे तिन्ही कॉम्प्युटर वायरीने त्याच्याकडे हात पसरून बसलेले असायचे. दसऱ्याला आम्ही त्याला हळद-कुंकू लावायचो, हार घालायचो. त्याच्याविषयी याच्यापलीकडे आम्हाला काही माहीत नव्हतं.

तो उन्हाळा सुरू झाला आणि मशीन हळू झालं. सकाळी ठीक असायचं. बारा वाजून गेले की त्याचे पाय जड व्हायचे. दोन वाजले की एका ग्राहकाचं नाव टाइप करून एंटर दाबावं आणि पडद्यावरचं निळं चक्र गोल गोल फिरताना बघत बसावं. दोन मिनिटं, चार मिनिटं. फाटकाशी ट्रक उभा असायचा. माल रस्त्याने न्यायचा तर ई-वे बिल लागतं, ते बिलाशिवाय निघत नाही, आणि बिल त्या चक्राच्या मागे अडकलेलं. ड्रायव्हर खिडकीशी येऊन बघून जायचे. एकदा तर कर्नाटकातल्या एका लॉजवाल्याचा लग्नसराईचा माल पूर्ण एक दिवस फाटकात उभा राहिला आणि त्याने पुढची ऑर्डर दिलीच नाही.

सॉफ्टवेअर विकणाऱ्याला बोलावलं. त्याने खुर्चीत बसून दोन बटणं दाबली आणि सांगितलं की सॉफ्टवेअर उत्तम आहे, तुमचा सर्व्हर कमी पडतो. सर्व्हर विकणाऱ्याला बोलावलं. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं की सर्व्हर उत्तम आहे, तुमचा डेटा फुगलाय, सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. मग त्याने डब्याची एक बाजू उघडून मेमरी वाढवली, बिल दिलं आणि जाता जाता नव्या सर्व्हरचं कोटेशन टेबलावर ठेवून गेला. मेमरी वाढवूनही दुपारचे दोन वाजले की चक्र फिरतच राहिलं. त्या दोघांपैकी कोण खोटं बोलतंय हे मला कळेना, म्हणून मी दोघांवरही विश्वास ठेवणं सोडून दिलं. आता वाटतं, सुरुवात तिथूनच झाली. यंत्राचं काय बिघडलं हे कळेना, म्हणून आम्ही माणसांकडे बघायला लागलो.

आमचे मालक मूळचे मैंदर्गीचे. घरी कन्नड, ऑफिसात मराठी. माणूस वाईट नाही, पण कमी बोलणारा, आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय शिजतंय ते शिजून होईपर्यंत कळत नाही. त्याच महिन्यात हैदराबादच्या एका जुन्या ग्राहकाने फोनवर त्यांना सांगितलं की तुमच्यापेक्षा थोड्या कमी भावात सोलापुरातलाच दुसरा कारखाना द्यायला तयार आहे. त्या दुसऱ्याला आमचा भाव नेमका माहीत होता. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं की कुणीतरी आपल्या मशीनमधून माहिती काढून नेतंय. त्यांच्या भाच्याने त्यांना सांगितलं होतं म्हणे, की डेटा कॉपी करताना मशीन हळू होतं.

"तुम्ही जुन्या आहात," ते म्हणाले. "जरा लक्ष ठेवा. कधी हळू होतं, तेव्हा कोण जागेवर असतं, लिहून ठेवा."

मला हे काम नको होतं असं आज म्हणायला मला आवडेल. खरं सांगायचं तर केबिनमधून बाहेर येताना मी जरा ताठ चालत होते.

मी एक लहान वही केली. तारीख, वेळ, कोण जागेवर, काय चाललंय. हिशेबात आयुष्य गेलेल्या बाईला नोंदी करायला शिकवावं लागत नाही. पहिले दोन दिवस मी सगळ्यांचं लिहिलं. गोदामाचे काका, मावशी, पाण्याचे जार आणणारा माणूस, अगदी माझंही. तिसऱ्या दिवसापासून फक्त राजेश्वरीचं लिहायला लागले, कारण प्रत्येक वेळी ती जागेवर असायचीच. दोन वाजून पाच मिनिटं, हळू, राजेश्वरी जागेवर, प्रिंटर चालू. दोन वाजून दहा मिनिटं, फार हळू, राजेश्वरी जागेवर, प्रिंटर चालू.

राजेश्वरी तेव्हा तिशीची असेल. कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात राहायची. सासू विड्या वळायची, नवरा एका चादरीच्या कारखान्यात मागावर होता, शाळेत जाणाऱ्या दोन मुली. बारावीनंतर अकाउंटिंगचा कोर्स करून ती आमच्याकडे लागली होती आणि घरात महिन्याला ठरलेला पगार आणणारी ती एकटीच होती. मला अक्का म्हणायची. तीन वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला होता. तिच्या शेंगाचटणीत लसूण जास्त असायचा, आणि मला तो आवडतो हे कळल्यापासून ती चटणी वेगळ्या पुडीत बांधून आणायची.

पण एकदा वही हातात आली की माणूस दिसायचं बंद होतं. मला तिच्या गळ्यातल्या दोरीला लटकणारा पेनड्राइव्ह दिसायला लागला. तो आधीपासूनच होता, मुलींच्या शाळेचे प्रकल्प ती त्यातून छापून न्यायची आणि मालकांना विचारून न्यायची. तरी मी लिहिलं, पेनड्राइव्ह गळ्यात. तिचा एक चुलतभाऊ त्या दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला होता. तेही तिनेच कधीतरी सहज सांगितलेलं. मी लिहिलं. डबा झाला की ती फोन घेऊन कडुलिंबाखाली जायची आणि तेलुगूत बोलायची. सोलापुरात जन्म गेला तरी मला तेलुगू येत नाही. भाजीवाल्यांकडून कानावर पडलेले चार आकडे येतात, तेवढंच. मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने दाराशी उभी राहायचे. त्या सगळ्या वाहत्या बोलण्यातून एकच शब्द मला ओळखू यायचा, रेट. ती दोनदा, तीनदा म्हणायची. रेट. पलीकडून काहीतरी उत्तर यायचं, ती हसायची, आत यायची, खुर्चीत बसायची, आणि पाच मिनिटांत मशीन अडकायचं.

मला आठवतं, त्या दिवसांत मी घरीही तशीच झाले होते. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कुणी पाइपला मोटर लावली की बाकीच्यांच्या नळाची धार बारीक होते. मी गच्चीवरून शेजाऱ्यांच्या मोटरीचे आवाज ऐकत बसायचे. आमच्या यांनी एकदा विचारलं की तुला झालंय काय. मी म्हटलं, काही नाही, ऊन फार आहे. आणि ऊन होतंच. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, दुपारच्या झळा खिडकीच्या गजांना हात लावू द्यायच्या नाहीत. सगळी माणसं डोळे बारीक करून चालायची, आणि डोळे बारीक केलेला प्रत्येक माणूस काहीतरी लपवतोय असं मला वाटायचं.

बारा दिवसांच्या नोंदी झाल्यावर मी वही मालकांना दिली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली. संध्याकाळी साडेपाचला, बाकीचे निघायच्या आत, त्यांनी राजेश्वरीला बोलावून सांगितलं की उद्यापासून काही दिवस घरी राहा, चौकशी झाल्यावर कळवतो. कसली चौकशी हे तिने विचारलं. ते म्हणाले, माहिती बाहेर जातेय. तिने गळ्यातला पेनड्राइव्ह काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं की बघून घ्या. त्यांनी त्याला हातही लावला नाही. ती बाहेर आली, टेबलाच्या खणातून टिकल्यांचं पाकीट, डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत भरली. मी माझ्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर काहीच नव्हतं.

जाताना ती माझ्याजवळ थांबली. "अक्का, आजची दोन बिलं राहिलीत," एवढंच म्हणाली. "ट्रकचा नंबर कागदावर लिहून ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन छान चाललं. दोन वाजले, अडीच वाजले, तीन वाजले, चक्र दोन फेऱ्या मारून थांबायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. मालक सुताच्या खरेदीला इचलकरंजीला गेले होते, तिथून त्यांनी फोन करून विचारलं आणि मी सांगितलं की आता ठीक आहे. पलीकडून ते हुं म्हणाले. गोदामाचे काका मान हलवून म्हणाले, बघा, कोण कसं निघेल सांगता येत नाही. मलाही वाटलं की मी बरोबर होते. खरं म्हणजे बरं वाटलं असं नाही, पण सुटल्यासारखं वाटलं. बारा दिवस ज्याच्या मागे होते ते हाती लागलं होतं. त्या तीन दुपारी मी एकटीने डबा खाल्ला आणि प्रत्येक वेळी मनात तीच वही उघडून स्वतःला वाचून दाखवली.

चौथ्या दिवशी मालक परत आले. दोनला दहा कमी असताना केबिनमधून हाक मारून त्यांनी शिल्लक मालाचा कागद मागितला. मला कळेना कसला कागद. ते म्हणाले, राजेश्वरी रोज अडीचपर्यंत आणून ठेवायची तो. कुठल्या मापाचे, कुठल्या रंगाचे टॉवेल किती शिल्लक आहेत त्याचा. तीन वाजता बाहेरगावचे फोन येतात, समोर कागद लागतो. होळीच्या आधीच त्यांनी तिला हे काम लावून दिलं होतं.

मी तिच्या खुर्चीत बसले, कारण तो अहवाल तिच्याच कॉम्प्युटरवर लावून ठेवलेला होता. सॉफ्टवेअर उघडलं, अहवाल निवडला, एंटर दाबलं. निळं चक्र फिरायला लागलं. एक मिनिट, तीन मिनिटं, सात मिनिटं. गोदामातून काकांनी ओरडून विचारलं की माझं बंद पडलं काय. समोरच्या टेबलावर माझा स्वतःचा कॉम्प्युटर मुका होऊन बसला होता. मग प्रिंटर घरघरला आणि कागद एकामागून एक बाहेर यायला लागले. मी घड्याळाकडे बघितलं. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. हळू, प्रिंटर चालू. फक्त जागेवर मी होते.

कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला तरी मी तो पुसला नाही. कागद उचलून मी केबिनमध्ये गेले आणि मालकांसमोर ठेवला. सांगितलं की आज मशीन माझ्या हाताने अडकलं. त्यांनी तो कागद हातात घेतला आणि वाचायचं सोडून नुसता धरून बसले. रोज दुपारी तोच कागद समोर घेऊन ते विचार करत होते की मशीन कोण अडकवतंय.

मी म्हटलं, तिसऱ्या कुणालातरी दाखवूया, ज्याला काही विकायचं नाही अशाला. माझ्या भाच्याच्या शाळेतले कॉम्प्युटर दुरुस्त करणारे होटगीचे बिराजदार होते, त्यांचा नंबर माझ्याकडे होता. ते दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलवर आले. पन्नाशीचा माणूस, वडील रेल्वेत होते, हा रेडिओपासून सुरुवात करून कॉम्प्युटरवर आलेला. पाणी प्यायले, खोलीभर नजर फिरवली, सर्व्हरच्या डोक्यावर तळहात ठेवला. आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग त्यांनी विचारलं, "ह्याला हितं कुणी बसवलं?"

मी सांगितलं की जागा इथेच होती.

बिराजदारांनी डबा बंद करून अंगणात नेला, कडुलिंबाखाली टेबलावर ठेवून दोन्ही बाजू उघडल्या. आतला पंखा काढला, आणि त्याच्या खालून त्यांनी चिमटीने एक थर उचलला. करडा, मऊ, हाताच्या पंजाएवढा. दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट बसलेला. आमच्याच टॉवेलांचा कापूस होता तो. शेडच्या दारातून वर्षानुवर्षं उडत आलेला एकेक तंतू आत ओढला गेला होता आणि श्वास घ्यायच्या जागेवरच विणला गेला होता. मेमरी घालायला आलेल्या माणसाने हे बघितलं नसेल का, हे मी विचारलं. बिराजदार म्हणाले की वरवर फुंकर मारली असंल, पंख्याखाली कोन बघतंय. माझ्या मनात आलं की कोटेशन खिशात असलेला माणूस बघूनही न बघितल्यासारखं करेल. दोन्हीतलं खरं काय, ते मी आजही ठरवू शकलेले नाही.

मग त्यांनी मशीन आत आणून सुरू केलं आणि त्याच्या स्वतःच्या नोंदी उघडल्या. यंत्रालाही वही असते, हे मला त्या दिवशी कळलं. आत एकसारख्या दोन डिस्क होत्या, एकीवर लिहिलेलं दुसरीवरही उतरायचं, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. त्यातली एक मरायला टेकली होती. कितीतरी आठवडे ती तेच तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती आणि दर वेळी तसं लिहून ठेवत होती. कुणी वाचत नव्हतं, एवढंच. सकाळी गारव्यात ती कशीबशी चालायची. दुपारी आतली उष्णता वाढली की मशीन स्वतःला जपायला वेग कमी करायचं, आणि नेमका त्याच वेळी तो अहवाल यायचा.

"आता हे बगा," बिराजदार मला म्हणाले. "तुमचं प्रत्येक रंगाचं, प्रत्येक मापाचं टॉवेल म्हंजी वेगळं नाव. नऊ-दहा वर्साचा समदा माल ह्याच्यातच हाय, कदी वेगळा काडलेला न्हाय. शिल्लक किती ते सांगायला ह्येला रोज पयल्या पानापासनं समदी चोपडी उलटावी लागती. आदीच ताप, त्यात एक डोळा गेलेला. ते अडकंल न्हायतर काय करंल? मेमरी वाडवून काय व्हनार की."

मालकांनी त्यांना विचारलं की बाहेर माहिती नेल्याचं काही दिसतं का. बिराजदारांनी तासभर बघितलं. राजेश्वरीच्या कॉम्प्युटरला लागलेले पेनड्राइव्ह, वेळा, सगळं. लावलेला दिसत होता, मुलींच्या प्रकल्पाच्या दिवशी, त्यावरून आकाशगंगेचं चित्र आणि पाण्याच्या प्रदूषणावरचा निबंध छापला गेला होता. दुसरं काही नव्हतं. त्या दुसऱ्या कारखान्याला आमचा भाव कसा कळला म्हणाल तर, पुढे महिन्याभरात मालकांनाच कळलं की त्यांचा हैदराबादचा दलाल त्या दुसऱ्या कारखान्याचंही काम करतो. आमचा भावाचा कागद त्याच्या फोनवर मालकांनीच दर महिन्याला पाठवलेला असायचा. हे त्यांनी मला सांगितलं ते आज वारा नाही असं सांगावं तसं.

बिराजदार गेल्यावर मी वही मागून घेतली आणि पहिल्यापासून वाचली. एकही नोंद खोटी नव्हती. वेळ बरोबर, माणूस बरोबर, प्रिंटर चालू हेही बरोबर. उत्तर माझ्याच अक्षरात बारा वेळा लिहिलेलं होतं आणि मी त्याच्या आधीच्या शब्दावर थांबत गेले होते.

त्या रविवारी मी कुंभारीला गेले. सकाळीच निघाले तरी रिक्षातून उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. एकसारखी घरं, एकसारख्या गल्ल्या, दारोदार सुपात तंबाखू घेऊन बसलेल्या बायका. दोघींना विचारावं लागलं. राजेश्वरीची सासू उंबऱ्यात बसून विड्या वळत होती. तिला माझं नाव माहीत होतं. मला आत बसवलं, तांब्या दिला, आणि कोपऱ्यातला कूलर माझ्याकडे वळवून सुरू केला. जुना, पत्र्याचा, निळा रंग उडालेला. सासू कौतुकाने सांगायला लागली की मला रात्री खोकल्याने झोप येत नव्हती, म्हणून सुनेने चुलतभावाच्या ओळखीने घेतला. पंधरा दिवस फोनवर घासाघीस करत होती, रेट उतरवला तेव्हा कुठे घेतला.

मी पाणी पिता पिता थांबले. रेट. कडुलिंबाखाली उभी राहून ती या कूलरची किंमत उतरवत होती.

राजेश्वरी मुलीच्या वेण्या घालून बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं. डिस्क, कापूस, शिल्लक मालाचा कागद. मालक बोलावणार आहेत हे सांगितलं. आणि मग जे सांगायला आले होते ते. की वही माझी होती. बारा दिवस मी लिहीत होते, तुझ्याविषयी.

ती बराच वेळ मुलीची रिबन बोटाला गुंडाळत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघायचा आणि मग लिहायचा. रोज. अक्का, मला वाटलं माझ्या कामाचं लिहिताय. पगारवाढीचे दिवस होते ना. म्हणून मी तो रिपोर्ट एक दिवससुद्धा चुकवला नाही. बरोबर दोनला लावायचे."

सासूचं सूप वाजत होतं, कूलर घरघरत होता. चुकलं म्हणाले असेन, नक्की आठवत नाही. तिने चहा केला, मी प्यायले. तिने मला रडू दिलं नाही आणि माफ केलं असंही म्हणाली नाही. निघताना एवढंच म्हणाली की मालकांनी स्वतः यावं, निरोप पाठवू नये.

मालक गेले. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण पुढच्या सोमवारी ऑफिसात सगळ्यांसमोर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं की बिघाड मशीनचा होता आणि राजेश्वरीचा काही दोष नव्हता. त्यांचं झाल्यावर मीही उठले आणि माझं सांगितलं. काकांनी खाली बघितलं. मावशींनी झाडू थांबवला. राजेश्वरीने कॉम्प्युटर सुरू केला आणि राहिलेल्या बिलांचे कागद मागितले. त्या वर्षी तिला पगारवाढ मिळाली. डबा आम्ही पुन्हा एकत्र खायला लागलो, पण ते जुळायला पावसाळा उलटून गेला. चटणीची वेगळी पुडी त्यानंतर कधी आली नाही, आणि ती का येत नाही हे मी विचारलं नाही.

आता मशीन शेडपासून लांब, काचेच्या बंद खोलीत असतं. डिस्क नव्या आहेत, जुन्या वर्षांचा डेटा बाजूला काढलेला आहे, आणि शिल्लक मालाचा कागद सकाळी नऊच्या आत निघतो. बिराजदार दर तीन महिन्यांनी येऊन तळहात ठेवून जातात. मालकांच्या जागी आता त्यांचा मुलगा बसतो. हुशार आहे, घाईतला आहे. गेल्या आठवड्यात, दुपारी, मशीन पुन्हा जरा अडकलं. समोर नवी लागलेली मुलगी बिल करत होती. तिला येऊन महिनाही झालेला नाही, आणि पडद्यावर काही थांबलं की ती अजून स्वतःलाच घाबरते. केबिनचं दार उघडून मालकांच्या मुलाने मला विचारलं, "मावशी, आत्ता कोण होतं मशीनवर?"

"मी होते," मी म्हटलं.

मी नव्हते. राजेश्वरीने पलीकडच्या टेबलावरून माझ्याकडे बघितलं. मग तिने खुर्ची मागे सरकवली, उठली, आणि काचेच्या खोलीचं दार उघडून पंखा फिरतोय का ते बघायला आत गेली.